बारा टक्क्यांचे कर्ज

दहावीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आहे. त्यात जीएसटी, शेअर्स आणि म्युच्युअल फंड शिकवले जातात. त्यांची गरज मी नाकारत नाही, पण आमच्या शाळेतल्या बहुतेक घरांना पैशाचे शास्त्र भेटते ते कर्जाच्या हप्त्यातून, म्हणून एक तास मी कर्जासाठी राखून ठेवते. यंदा त्या तासाला एका विद्यार्थिनीने आईच्या शिलाई मशीनच्या कर्जाचे कार्ड आणले. मुद्दल 24,000 रुपये, व्याज 12 टक्के, बारा हप्ते, दरमहा 2,240 रुपये.

“बाई, म्हणजे बँकेसारखंच ना?”

मुलांनी हिशेब केला: व्याज 2,880, एकूण 26,880, भागिले बारा 2,240. उत्तर जुळले तेव्हा वर्गाने वह्या मिटायला घेतल्या. मी फळ्यावर बारा ओळी आखल्या आणि दरमहा दोन हजार मुद्दल फिटते असे धरून उरलेली बाकी लिहायला सांगितली: 24,000, 22,000, 20,000, असे करत शेवटी 2,000. ज्या महिन्यात जेवढी बाकी, तेवढ्यावरच एक टक्का व्याज धरले तर वर्षाचे व्याज केवळ 1,560 रुपये होते. एरवी न बोलणारा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “म्हणजे परत केलेल्या पैशांवरही व्याज चालूच आहे.” इतके नेमके उत्तर मला पाठ्यपुस्तकातही सापडलेले नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसोबत मुख्य तथ्यांचे विवरणपत्र द्यावे लागते, तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत, आणि त्यात शुल्कासह खरा वार्षिक दर लिहावा लागतो. हे कर्ज त्यानंतरचे होते, म्हणून घरी तो कागद शोधायला सांगितला. दुसऱ्या दिवशी तो आला: इंग्रजीत, खाली आईची सही. परत केलेल्या पैशांवरचे व्याज आणि आधीच कापलेले 480 रुपये शुल्क धरून दर 25 टक्क्यांहून अधिक छापला होता. ज्या बाईने एकाही महिन्याचा हप्ता चुकवला नाही, तिला हा आकडा कोणी वाचून दाखवला नव्हता, याचा मला मनापासून राग आला.

पुढचा हप्ता भरताना त्या आईने मराठी प्रत मागितली. तोवर इतर मुलांनीही आपापल्या घरचे कागद आणले होते, म्हणून म्युच्युअल फंडाचा भाग मी पुढच्या आठवड्यावर ढकलला.