फुकट भरता येणारा फॉर्म आम्ही पैसे घेऊन भरतो

हो, खरंय. कोर्टातल्या मोठ्या तडजोडीच्या पैशातला दुकानदाराचा वाटा मागायचा हा फॉर्म, म्हणजे क्लेम. आमच्या करारात सगळ्यात वरच लिहिलेलं असतं की हा क्लेम तुम्ही स्वतः एक पैसा न देता भरू शकता. तरी लोक येतात.

न्यू जर्सीत एडिसनला बायकोचं बुककीपिंगचं काम होतं, क्लायंट म्हणजे मोटेलवाले, ग्रोसरीवाले, दोन-चार रेस्टॉरंट, बहुतेक गुजराती मंडळी, आणि मी नोकरी सोडून त्यातच शिरलो. तेवढ्यात व्हिसा-मास्टरकार्डचं प्रकरण मार्गी लागलं. स्वाइप फी, म्हणजे कार्डाने पैसे घेतले की दुकानदाराला द्यावी लागणारी फी, संगनमताने चढी ठेवली म्हणून दुकानदारांनी 2005 मध्ये केस केली, ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टात. 2012 ला 7.25 अब्ज डॉलरची तडजोड झाली, ती 2016 ला वरच्या कोर्टाने मोडली, मग नवीन झाली आणि ती 2023 मध्ये अपिलात टिकली. फंड साधारण साडेपाच अब्ज डॉलरचा, आणि 1 जानेवारी 2004 ते 25 जानेवारी 2019 मध्ये ज्या दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून ही कार्डं घेतली त्याचा त्यात वाटा.

ज्याचं एकच दुकान, एकच टॅक्स आयडी, त्याला आम्ही सरळ सांगायचो, भाई घरी बसून भरा. पण पंधरा वर्षांत कोण एका नावाने धंदा करतो हो? एलएलसी, म्हणजे ज्या कंपनीच्या नावावर धंदा असतो ती, बदलते, भागीदार फुटतो, मोटेल विकलं जातं आणि मग त्या जुन्या वर्षांचा हक्क कोणाचा ते विक्रीच्या कागदात काय लिहिलंय त्यावर येतं, कार्ड मशीनवाली कंपनी तीनदा बदललेली, स्टेटमेंट बेसमेंटमध्ये नाहीतर कुठेच नाही. आमचं काम हे खणायचं. फी टक्क्यात, तीही पैसे आल्यावर.

फोनवर गॅरंटीने आकडे सांगणारे पण होते बाजारात. एकूण क्लेम किती येतात त्यावर वाटा ठरणार, मग आधीच आकडा कुठून आणणार? त्यांच्यामुळे आमच्याकडे पण लोक संशयाने बघायचे. क्लेम भरायची मुदत तर 31 मे 2024 ची ऑगस्टवर गेली, तिथून 4 फेब्रुवारी 2025 वर, त्यामुळे उशिरा जागे झालेल्यांचंही जमलं आणि आमचा पैसा अजून लांबला, ऑफिसचं भाडं अजूनही बुककीपिंगमधूनच निघतं.

अशाच बाकी केसेसचे क्लेम घेतो आता, पण पहिला प्रश्न तोच, आत्तापर्यंत किती नावांनी धंदा केलात? अर्धा तास त्यातच जातो, कारण हमखास एक असा भागीदार निघतो ज्याच्याशी आता बोलणं नाही आणि सही मात्र त्याचीच लागते.