नाश्त्याला बर्फ, जेवणाला ज्वालामुखी

इटलीतल्या सिसिली बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे कातानिया-मेसिनाकडे, उन्हाळ्यात लोक सकाळी नाश्त्याला चक्क बर्फ खातात. ग्रानिता म्हणतात त्याला. बदामाचा, लिंबाचा नाहीतर कॉफीचा, आणि सोबत मऊसूत ब्रीओश पाव, तो तोडून त्यात बुडवायचा. आमच्या वाइन टूरच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी पहिल्या दिवशी "घसा धरेल हं" असं जाहीर केलं आणि मग स्वतः दोन संपवले.

भूमध्य समुद्रातलं हे सगळ्यात मोठं बेट, त्यामुळे अख्खं बघून टाकू म्हणणाऱ्याचे दिवस गाडीतच जातात. माझं स्पष्ट मत असंय की वाइन टूरमध्ये वाइन हे निमित्त, खरी चैन म्हणजे भर दुपारी तीन तास टेबलाशी बसून राहणं आणि कुणी "चला, उशीर होतोय" न म्हणणं. कुठली वायनरी घेऊ असं कुणी विचारलं तर मी सांगते, जिथे जेवण मिळतं ती.

झटपट असं मला एकच सापडलं, पालेर्मोच्या बाल्लारो बाजारातली पानेल्ले. चण्याचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचं, थापायचं, कापायचं, म्हणजे इथपर्यंत आपली पाटवडीच की, फक्त हे लोक पुढे ती तळतात, तीळ लावलेल्या पावात घालतात आणि वर लिंबू पिळतात. उभ्या उभ्या खायचं आणि पुढे सटकायचं.

पश्चिमेला मार्साला. तिथली वाइन आपण ऐकलेली असते ती स्वैपाकातली म्हणून, बिचारी. 1773 मध्ये जॉन वुडहाउस नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने इथली वाइन समुद्रप्रवासात टिकावी म्हणून तिच्यात स्पिरिट घालून इंग्लंडला धाडली आणि धंदा सुरू झाला. पण त्याच्याही आधीपासून इथल्या घरांत 'पेर्पेतुओ' असायची, म्हणजे पिंपातून थोडी काढायची आणि तेवढीच नवी ओतायची, पिंप कधी रिकामं होऊच द्यायचं नाही. आजोबांच्या वेळची वाइन नातवाच्या ग्लासात, थोडी का होईना. जवळच त्रापानीला माशाच्या रश्श्यातला कुसकुस (रव्याचे वाफवलेले बारीक दाणे) खाल्ला, मूळचा तो उत्तर आफ्रिकेचा, पण समुद्रापलीकडे समोरच ट्युनिशिया, त्यामुळे तो इथे परका वाटतच नाही.

पण मी रमले ती एटनावर. 3,300 मीटरच्या वर उंच असलेला जिवंत ज्वालामुखी, अधूनमधून राख उडवतो, लोक ती गच्चीवरून झाडून काढतात आणि परत कामाला लागतात. त्याच्याच अंगावर द्राक्षं! जुन्या बागांत मांडव नाही, तारा नाहीत, एकेक वेल चेस्टनटच्या खुंटीला बांधून सुटी उभी, भोवती काळ्या लाव्हाच्या दगडांचे बांध, ट्रॅक्टर शिरायला जागाच नाही, म्हणजे सगळं हाताने. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीने युरोपभरच्या द्राक्षबागा मुळापासून खाल्ल्या आणि मग अमेरिकन खुंटावर कलमं करून त्या परत उभ्या केल्या (खुंट म्हणजे ज्यावर कलम बांधतात तो मुळांचा भाग, नाशिक-सांगलीवाल्यांना सांगायला नको), पण एटनाच्या रेताड मातीत त्या किडीचं फारसं काही चाललं नाही, म्हणून इथे शंभरी ओलांडलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या वेली अजून सापडतात. नेरेल्लो मास्कालेझे हे इथलं काळं द्राक्ष, ते काढायला बऱ्याचदा ऑक्टोबर उजाडतो. वाइन रंगाला फिकी, बघून वाटतं पाणी घातलंय, आणि घोट घेतला की जीभ ताळ्यावर येते. पांढरी हवी तर मीलो गावाकडची कार्रिकान्ते, लिंबासारखी आंबट, मला तीच जास्त आवडली.

टेस्टिंगला समोर थुंकायचं भांडं ठेवतात. जाणकार लोक चूळ भरल्यासारखी वाइन फिरवून तिथे टाकतात. पैसे मोजून घेतलेलं थुंकायचं म्हणजे काय, आमच्या टेबलावरचं भांडं शेवटपर्यंत कोरडं राहिलं, आणि जेवणात सॉसेज नि वांग्याची आंबटगोड कापोनाता आली तेव्हा सगळेच फार प्रेमळ झालेले.

शेवटी एटनाच्याच उतारावरच्या ब्रोंते गावचा पिस्ता. लाव्हाच्या खडकांत वाढणारी ही झाडं, पीक एक वर्षाआड, विषम वर्षांत, आणि काढणी परत हातानेच. भाव ऐकून आधी डोळे पांढरे झाले होते, हे कळल्यावर गप्प पैसे काढले.

इथे फिरायला गाडी घेऊ नका असं मी म्हणेन (प्यायचं असेल तर नकाच). एटनाला जवळजवळ पूर्ण वळसा घालणारी चिर्कुमेत्नेआ नावाची नॅरोगेज रेल्वे आहे, साधारण 110 किलोमीटरची, लाव्हाच्या रानातून, पिस्त्याच्या नि द्राक्षांच्या बागांमधून रमतगमत जाते, वाटेत ब्रोंते आणि रांदात्सो ही गावं लागतात. रविवारी मात्र ती सहसा बंद असते, त्या दिवशी कुठेतरी जेवायला बसा आणि चारपर्यंत उठू नका.