मनगटावरची लाल रेघ

"काका, एक मिनिट हं," म्हणत सिस्टरने ग्लोव्ह काढला आणि मनगट खसाखसा खाजवलं. ग्लोव्ह जिथे संपतो तिथेच पुरळाची लाल रेघ, पट्टीने आखल्यासारखी.

बाबांच्या रक्ततपासणीसाठी वाशीला गेलो होतो.

"लॅटेक्सची ॲलर्जी, ग्लोव्हच्या या नैसर्गिक रबराची. नायट्राइलचे मागितलेत, त्यात लॅटेक्स नसतं. येतील म्हणतात." वर हसली. रात्री खोबरेल तेल लावते म्हणे.

ग्लोव्ह हातात सहज सरकावा म्हणून आत पावडर असते; लॅटेक्समधली प्रथिनं तिला चिकटून हवेत उडतात. कुणाला शिंका, कुणाला थेट दमा. अमेरिकेने पावडरवाल्या मेडिकल ग्लोव्ह्जवर २०१७ मध्येच बंदी घातली. इथे लॉबीतला मार्बल मात्र अगदी चकाचक!

पेशंटच्या फॉर्मवर 'कशाची ॲलर्जी आहे का?' असा रकाना असतो. स्टाफला हे कोण विचारतं?