आधी गाडीची उंची, मग नेव्हिगेशन

ट्रकसाठी नेव्हिगेशन घ्यायचं ठरवलं तेव्हा भेटेल तो पहिल्यांदा स्क्रीनबद्दल बोलायचा. पाच इंची पुरेल की सात? दहा इंची घेतलीस तर लांबूनही दिसेल. मला मात्र दुसरंच जाणून घ्यायचं होतं. माझी गाडी किती उंच, किती रुंद, किती लांब आणि किती वजनाची आहे हे या यंत्राला सांगता येतं का, आणि सांगितल्यावर त्याचा रस्ता खरोखर बदलतो का?

फोनवरचे नेहमीचे नकाशे कारच्या हिशेबाने रस्ता काढतात. कारला तो रस्ता अगदी बरोबर असतो. पण तोच रस्ता एखाद्या कमी उंचीच्या रेल्वेपुलाखालून जातो, कधी वजनाची मर्यादा असलेल्या जुन्या पुलावरून, तर कधी वळायला जागाच नसलेल्या वस्तीतून. मागे ट्रेलर जोडलेला असताना अशा गल्लीतून रिव्हर्स येणं काय असतं, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅम गावी 11 फूट 8 इंच उंचीचा एक रेल्वेपूल होता. त्याच्याखाली छत सोलून निघालेल्या ट्रकांचे व्हिडिओ जगभर पाहिले गेले. तिथे पाट्या होत्या, लुकलुकणारे दिवे होते. शेवटी 2019 साली पूल 8 इंचांनी वर उचलला, तरी गाड्या धडकायच्या पूर्ण थांबल्या नाहीत. पाटी दिसते तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो, मागे वाहनांची रांग लागलेली असते. तो पूल चालकाला चार वळणं आधीच कळायला हवा. नेव्हिगेशनकडून मला हवं होतं ते एवढंच.

म्हणून खरेदीच्या आधी मी गाडी मोजली. कागदपत्रांतली उंची असते, पण ती लोड केलेल्या गाडीची नसते. सपाट जागी गाडी उभी केली, टायरमधली हवा तपासली, वर चढून सर्वात उंच भागावर एक सरळ फळी आडवी धरली, पाणसळीने ती समतल केली आणि तिच्या टोकापासून ओळंबा जमिनीपर्यंत सोडून टेपने मोजलं. केबिनचं छत सर्वात उंच असेल असा अंदाज होता. ताडपत्रीखालच्या कमानीचा मधला उंचवटा त्याच्याही वर निघाला. शिवाय गाडी रिकामी असताना स्प्रिंग वर येतात, त्यामुळे रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा उंच भरते. माल उतरवून परतताना त्याच पुलाखाली आधी होती तेवढी जागा उरत नाही. मी दोन्ही मापं घेतली आणि मोठं माप धरून वर थोडी मोकळीक ठेवली.

माप यंत्रात भरतानाही एक खोच आहे. 13 फूट 6 इंच आणि 13.6 फूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी जवळजवळ 13 फूट 7 इंच होते. काही यंत्रं फूट-इंच घेतात, काही मीटर. वजनाचंही तसंच: मेट्रिक टन 1000 किलोचा, अमेरिकन टन साधारण 907 किलोचा. म्हणून सेटिंगमध्ये एकक कोणतं आहे ते आधी बघायचं आणि मगच आकडा टाकायचा. चांगल्या यंत्रात एकूण वजनाबरोबर एका एक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका आसावर, किती वजन येतं तेही भरता येतं, कारण काही पुलांवर मर्यादा एक्सलची असते. धोकादायक माल नेणाऱ्यांसाठी मालाचा प्रकारही निवडावा लागतो. युरोपात बोगद्यांचे ए ते ई असे वर्ग आहेत आणि कोणता माल कोणत्या बोगद्यातून नेता येतो हे त्यावरून ठरतं.

आता यंत्रांबद्दल. ट्रकसाठीच बनवलेली यंत्रं वेगळी मिळतात: गार्मिनची डेझल, टॉमटॉमची गो प्रोफेशनल आणि गो एक्स्पर्ट, रँड मॅकनॅलीची टीएनडी. फोनवर ट्रकचं प्रोफाइल, म्हणजे गाडीची मापं आणि वजन, भरता येतं अशी अ‍ॅप्सही आहेत. या सगळ्यांची जाहिरात उपग्रहांबद्दल खूप बोलते, पण उपग्रहांचा भाग सगळ्यांना सारखाच आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात, ठिकाण काढायला त्यांपैकी किमान चारांचे सिग्नल लागतात आणि ते सिग्नल सगळ्यांना फुकट मिळतात. रशियाच्या ग्लोनास किंवा युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांचे सिग्नलही घेणारं यंत्र उंच इमारतींमध्ये जरा स्थिर राहतं, तेवढा फरक आहे. पण गाडी कुठे उभी आहे हे कळणं वेगळं आणि समोरचा पूल किती उंच आहे हे कळणं वेगळं. दुसरी गोष्ट उपग्रह सांगतच नाही, ती नकाशात कुणीतरी भरलेली असावी लागते. आपण पैसे मोजतो ते त्या भरलेल्या माहितीसाठी.

आणि ही माहिती सगळीकडे सारखी नसते. एकच कंपनी एका प्रदेशाचा नकाशा पुलांच्या उंचीसकट बारकाईने देते, तर दुसऱ्या प्रदेशात नुसते रस्ते असतात. यंत्रात प्रोफाइल भरायची सोय असते, आकडे नीट भरले जातात, पण त्यांच्याशी ताडून बघायला नकाशात काहीच नसतं. वरून हे कळत नाही. म्हणून मी प्रत्येक यंत्रावर एक चाचणी केली. आमच्या नेहमीच्या रस्त्यावरचे कमी उंचीचे पूल, वजनबंदीचे पूल आणि ट्रकबंदीचे रस्ते यांची यादी काढली. मग प्रोफाइलमध्ये मुद्दाम जास्त उंची टाकून त्या पुलाच्या अलीकडून पलीकडे रस्ता मागितला. यंत्राने वळसा दाखवला तर माहिती नकाशात आहे. सरळ पुलाखालून नेलं तर त्या भागात ते कारचंच यंत्र. दुकानात उभ्या उभ्या ही चाचणी होते, गाडी हलवावी लागत नाही. मोठ्या स्क्रीनचं, दिसायला देखणं एक यंत्र इथेच बाद झालं.

एक अनुभवी चालक मला म्हणाले, “अरे, नकाशातली उंची जुन्या डांबराची असते.” त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. पुलाखालच्या रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला की तेवढी उंची कमी होते, आणि ते नकाशात यायला वेळ लागतो. कमानीच्या पुलाचं तर विचारूच नका: मधोमध उंची भरपूर, कडेला कमी. यंत्र “जा” म्हणालं तरी पुलावरची पाटी वाचायचीच, आणि दोघांत फरक दिसला तर पाटीचं ऐकायचं.

वीज आणि बसवणं याकडे लोक फारच कमी लक्ष देतात. बऱ्याच मोठ्या ट्रकांत 24 व्होल्टचा पुरवठा असतो, कारचा 12 व्होल्टचा चार्जर तिथे जळू शकतो. प्लगवर 12-24 व्होल्ट असं छापलंय का ते वाचून घ्यायचं. ट्रकमध्ये काच सीटपासून लांब आणि उभी असते, म्हणून पाच इंची स्क्रीनवरची अक्षरं मला पुढे वाकून वाचावी लागत होती. दहा इंची लावली तर डाव्या कोपऱ्यातलं दृश्य अडत होतं. सात इंची माझ्या केबिनला बसली, दुसऱ्याच्या केबिनला कदाचित वेगळी बसेल. आवाज मात्र इंजिन चालू ठेवूनच ऐकून बघावा. दुकानातल्या शांततेत प्रत्येक स्पीकर मोठाच वाटतो.

तीव्र उतार, धोकादायक वळण, आडवा वारा, गाडीचं पोट खाली टेकण्याचा धोका असलेलं रेल्वे फाटक, अशा सूचना ट्रकच्या यंत्रात मिळतात. यांतली उताराची सूचना मला सर्वात मोलाची वाटते, कारण भरलेल्या गाडीचा गियर उतार सुरू होण्याआधीच उतरवायचा असतो.

पोहोचण्याच्या ठिकाणाचा एक त्रास कुठल्याच यंत्राने पूर्ण सोडवलेला नाही. पत्ता टाकला की ते कार्यालयाच्या दारात नेऊन सोडतं आणि मालाचं गेट निघतं मागच्या रस्त्याला. यावर उपाय म्हणजे एकदा गेट सापडलं की तिथेच उभं राहून ते ठिकाण यंत्रात साठवायचं. माझ्याकडे अशा गेटांची आता चांगली यादी झाली आहे आणि ती इतर चालकांनाही देतो.

नकाशाचं अपडेट “आजीवन” असं लिहिलेलं असलं, तर ते कुणाचं आयुष्य हे विचारून घ्यावं. बहुतेक वेळा कंपनी त्या यंत्राला आधार देईल तोवरच, असा त्याचा अर्थ असतो. अपडेट मोठं असतं, ते वायफायवर आणि गाडी नुसती उभी असताना लावलेलं बरं.

शेवटी घेतलं ते सात इंची, फक्त ट्रकसाठीचं यंत्र, नकाशा त्याच्यातच साठवलेला, म्हणजे रेंज गेली तरी रस्ता जात नाही. वाहतूक किती तुंबली आहे हे बघायला शेजारी फोन असतो. ट्रेलर बदलतात, म्हणून प्रत्येक ट्रेलरचं प्रोफाइल त्याच्या नंबरानेच साठवलं आहे. गाडी जोडली की आधी तो नंबर जुळतो का ते बघायचं आणि मगच ठिकाण टाकायचं.