ओलीचा पत्ता

गोव्यात जून लागला की घरातली हवा किती दमट झालीय हे कळायला वेगळं यंत्र लागत नाही, स्वयंपाकघरातली जाड्या मिठाची बरणी बघायची. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं, आधी खडे एकमेकांना चिकटतात, मग चमचा ओला निघतो, मग तळाला चक्क पाणी दिसतं. आपल्या मिठागरातलं गावठी मीठ असेल तर त्याच्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर त्याच्याही आधी पाझरतं. आणि गंमत अशी की भिंतीवरच्या बुरशीलाही साधारण तेवढीच आर्द्रता लागते, सलग काही दिवस मिळाली की झालं. म्हणजे मीठ पाझरलं की समजायचं, कपाटामागे कोणीतरी बिऱ्हाड थाटलंय.

मग सुरू होतात सल्ले. बुरशी आणि मूळव्याध यांवर गोव्यात प्रत्येकाकडे औषध असतं. कोणी म्हणतं व्हिनेगर मारा, कोणी म्हणतं ब्लीच, कोणी डांबरगोळ्या, शेजारच्या काकी म्हणतात कडुलिंबाची पानं घाल, आणि हार्डवेअरवाला तीन हजारांचा डबा पुढे सरकवतो की हा मारला की दहा वर्षं बघायला नको. सगळे डागाबद्दल बोलतात. पाणी येतंय कुठून हे कोणी विचारत नाही आणि मला वाटतं खरा प्रश्न तेवढाच आहे.

आमचा फ्लॅट फोंड्याला, तिसऱ्या मजल्यावर, बेडरूमची एक भिंत पश्चिमेला. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, आणि वारा नैर्ऋत्येकडून, म्हणजे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत चार महिने उभ्या उभ्या अंघोळ करते. बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढी चीर असली तरी पाणी आत येतं. पण हे आमच्या सोसायटीतल्या कोणाला पटत नाही, सगळ्यांचा संशय टेरेसवर, म्हणून वर पत्र्याची शेड मारली. शेड चांगलीच आहे, पापडाला उपयोगी पडते, पण पश्चिमेची भिंत होती तशीच भिजते.

ओल बाहेरून येतेय की घरातलीच आहे हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. डाग असेल तिथे वीतभर अॅल्युमिनियम फॉइल (पोळ्या गुंडाळतो तीच) चारी बाजूंनी टेप लावून चिकटवायची आणि एक-दोन दिवस विसरून जायचं. काढताना फॉइलच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब असले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या, आपल्याकडच्या बाजूला दव दिसलं तर ते हवेतलं पाणी आहे, गार भिंतीवर बसलेलं. ओल्या भिंतीवर टेप चिकटत नाही तो भाग वेगळा, तेव्हा आधी फडक्याने पुसून, पंखा लावून जरा कोरडं करून घ्यायचं. आमच्याकडे पश्चिमेच्या भिंतीवर थेंब आत होते, पण कपाटामागे बाहेर. एकाच खोलीत दोन वेगळे आजार, आणि आम्ही दोघांना एकच गोळी देत होतो.

कपाटामागचं प्रकरण बघण्यासारखं असतं. आमचं लोखंडी कपाट भिंतीला अगदी चिकटून होतं कारण खोली लहान. ते सरकवलं तेव्हा मागे भिंतीवर कपाटाचा आख्खा आकार उठलेला, कडेला हिरवट-काळा, मधे करडा मखमली, आणि वास असा की जुन्या देवळाच्या कोठीत शिरल्यासारखं. खोलीतली हवा तिथे फिरतच नाही, भिंत खोलीपेक्षा दोन-तीन डिग्री गार, हवा आधीच पाण्याने भरलेली, ती भिंतीला टेकली की पाणी सोडणारच. उपाय फुकटचा निघाला, कपाट चार बोटं पुढे घेतलं आणि खाली लाकडी पट्ट्या सरकवल्या. खोली चार बोटं लहान झाली, नवऱ्याच्या गुडघ्याला अजून कोपरा लागतो, पण मागची भिंत कोरडी आहे.

आता खिडक्या. इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा. ज्याने लिहिलंय त्याने जुलैतलं गोवा बघितलेलं नाही. झडीच्या दिवशी बाहेरच आर्द्रता नव्वदच्या वर असते, खिडकी उघडून आपण ओल आमंत्रण देऊन आत घेतो. उघडीप पडली, दुपारी दोन तास ऊन आलं की तेव्हा सगळं उघडायचं, कपाटाची दारं, शू-रॅक, गाद्या उभ्या करायच्या, आणि आभाळ भरलं की परत बंद. आमच्या सासूबाई हे न शिकता करतात, उन्हाची तिरीप आली की हातातलं काम टाकून आधी खिडक्यांकडे जातात.

आणि घरात वाळत घातलेले कपडे! मशीनमधून काढलेल्या एका भरगच्च लोडमध्ये लिटर-दोन लिटर पाणी असतं, ते हॉलमध्ये दोरीवर टाकून पंखा लावला की कपडे वाळतात हे खरं, पण पाणी गेलं कुठे? सोफ्यात, पुस्तकांत, भिंतीत. कपडे एका खोलीत, दार बंद, आणि तिथे एसी ड्राय मोडवर, हा आमचा तोडगा. डीह्युमिडिफायर असेल तर त्याहून चांगलं, टाकीत जमलेलं पाणी संध्याकाळी ओतून देताना आपल्या घरात काय काय उडत होतं ते समोर दिसतं. साठच्या आत आर्द्रता आणली की बुरशीचं फार चालत नाही. कॅल्शियम क्लोराइडचे ते पांढरे डबे मिळतात ते बंद कपाटात कामाचे, उघड्या खोलीत ठेवणं म्हणजे मांडवीतून वाटीने पाणी उपसणं.

एसी मात्र जपून. कोणाकडे १८ वर लावलेला असतो आणि त्यांच्याआमच्यातली भिंत आमच्या बाजूने घामाघूम होते. बोलायची सोय नाही, चवथीला, म्हणजे गणपतीत, नेवऱ्या येतात त्यांच्याकडून.

माझं माहेर डिचोलीचं, घर चिऱ्यांचं, वर मंगळुरी कौलं, आत चुन्याचा गिलावा. चिरा सच्छिद्र दगड, तो पाणी पितोच, पण चुनाही तसाच असल्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हात प्यायलेलं सगळं परत सोडतो. शिवाय ताजा चुना इतका जहाल अल्कलाइन असतो की बुरशी त्याच्या वाटेला जात नाही. मे महिन्यात बाबा पावसाच्या बाजूला माडाच्या चुडतांचे विणलेले झाप बांधून घ्यायचे, म्हणजे भिंत भिजायचीच नाही. शिवाय घरात चूल पेटलेली, कौलांतून धूर बाहेर, माळ्यावर सोलं, चिंच, सुकी मासळी, पुरुमेंताचं (पावसाळ्यासाठी साठवलेलं) सगळं त्याच धुराने टिकायचं. मग भावाने घर 'सुधारलं'. आतून सिमेंटचा गिलावा, त्यावर चकचकीत ऑइल पेंट, चूल गेली, झाप गेले कारण ते दिसायला बरे नाहीत. जमिनीतून वर चढणारं पाणी आधी जोत्याच्या जरा वर येऊन भिंतीतून उडून जायचं, आता त्याला उडायला जागा नाही म्हणून ते आणखी वर चढतं. गेल्या पावसात लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारा क्षार, कमरेएवढा होता, बोटाने दाबलं की पेंटचा फुगा फुटून आतून पांढरं क्षाराचं पीठ सांडायचं. भाऊ म्हणतो आणखी एक वॉटरप्रूफ कोट मारू. मी म्हणते खरवड सगळं आणि चुना लाव. वहिनी म्हणते चुना कपड्यांना लागतो, आणि तिचंही खरं आहे, कपडे तिलाच धुवायचे असतात.

साफ करायचं झालं तर एवढं नक्की, कोरड्या झाडूने झाडायचं नाही, बुरशीची बीजं घरभर उडतात. तोंडाला मास्क, ओलं फडकं, साबणपाणी, आणि फडकं नंतर फेकून द्यायचं. ब्लीच वापरलं तर नुसतं ब्लीच. त्यात व्हिनेगर किंवा टॉयलेट साफ करायचं अॅसिड मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, दोन्ही घातलं की दुप्पट साफ होतं हा समज जीवावर बेतू शकतो. रेशमी साड्या प्लास्टिकच्या पिशवीत नको, मलमलमध्ये.

राहता राहिला रंग. गोव्यातल्या हिंदू घरांत रंग काढायचा तो चवथीआधी, म्हणजे ऐन ऑगस्टात, भिंत आतून पुरती भिजलेली असते तेव्हा. पाहुणे येणार, माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची चौकट) बांधणार, डागाळलेली भिंत कशी दाखवायची. पेंटर हात लावून बघतो, मान डोलावतो, "प्रायमर मारूया, कांयच जावचें ना" म्हणतो, आणि दिवाळीपर्यंत पोपडे खाली. त्याचा काही दोष नाही, ओल्या भिंतीवर कुठलाच रंग धरत नाही, आणि हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहितीय. यंदा मी सांगितलंय की आधी बाहेरची चीर भरायची, भिंत पूर्ण सुकू द्यायची आणि रंग डिसेंबरात, चवथीला गणपतीच्या मागे सासूबाईंची नारायणपेठ लावू. सासूबाई साडी द्यायला तयार झाल्या, तोच मोठा अडथळा होता. पेंटरला फोन केला तर तो म्हणतो डिसेंबरात जमणार नाही बाई, नाताळची घरं आहेत, नोव्हेंबरात सांगा, आणि अॅडव्हान्स आत्ताच द्या.