रानघोडी दत्तक घेताना: माझा अनुभव

अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रेनो शहराच्या उत्तरेला पालोमिनो व्हॅलीत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचं, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याचं, केंद्र आहे. सरकारी माळांवरून पकडून आणलेले मस्टँग, म्हणजे रानघोडे, तिथून दत्तक मिळतात.

अर्जात माझ्यापेक्षा माझ्या कुंपणाचीच चौकशी जास्त होती. कोरलचा, म्हणजे घोड्याच्या कुंपणबंद आवाराचा, नकाशा काढून द्यायचा. प्रत्येक जनावरामागे किमान 400 चौरस फूट जागा, न शिकवलेल्या मोठ्या घोड्यासाठी 6 फूट उंच कुंपण, शिवाय निवारा. काटेरी तार अजिबात चालत नाही. आमच्या जागेवर आधीच्या मालकाची तारच होती. ती उपसून लोखंडी पाइपचे पॅनल लावले. दत्तक शुल्क 125 डॉलर. कुंपणाला त्याच्या कितीतरी पट लागले. पण माणसाचा हात न लागलेली घोडी बिथरली की सरळ कुंपणावर जाते, तेव्हा हा खर्च मला रास्तच वाटतो.

रानघोड्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यामागे रेनोचीच एक बाई आहे. वेल्मा जॉन्स्टन कामावर जाताना त्यांना 1950 मध्ये रक्त गळणारा ट्रक दिसला. आत कत्तलीला चाललेले रानघोडे होते. त्या मागे लागल्या, शाळकरी मुलांनी पत्रांचे ढीग पाठवले, आणि 1971 मध्ये संरक्षणाचा कायदा झाला.

घोडी घरी आली. मी रोज कोरलमध्ये बादली उपडी टाकून तिच्याकडे न बघता बसायचो. ती आपणहून हात हुंगायला आली, त्या दिवशी मी पुण्याला फोन केला.

बाबांनी विचारलं, "अरे, घोडी तुझी ना?"

"अजून नाही बाबा. वर्षभर सरकारचीच. विकता येत नाही, ते तपासणीलाही येऊ शकतात."

"मग बरं आहे."

वर्षानंतर पशुवैद्याची सही घेतली, अर्ज पाठवला, मालकीपत्र आलं. पण त्याच कागदानं 1971 च्या कायद्याचं छत्र तिच्यावरून काढून घेतलं. मालकी मिळाल्यावर लिलावातून कत्तलखान्याकडे गेलेल्या मस्टँगच्या बातम्या मी वाचल्या आहेत. तिच्या मानेच्या डाव्या बाजूला गोठवून उमटवलेला सरकारी शिक्का आहे, पांढऱ्या केसांचा, आयुष्यभर टिकणारा. त्यावरून तिचा नोंदणी क्रमांक वाचता येतो. मग असं जनावर लिलावात आलं की ब्युरोला कळवणं बंधनकारक का नसावं? काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतल्या, आमच्या भागाच्या सदस्यांना मी हेच लिहून पाठवलं आहे.