आरव्हीतला फ्रीज काढताना

ओहायोतल्या आमच्या जुन्या आरव्हीतला, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतला, फ्रीज गेल्या वसंतात थंड होईनासा झाला. बाहेरून जाळीचं झाकण उघडलं तर अमोनियाचा उग्र वास, आणि नळीच्या सांध्याशी पिवळी भुकटी. या फ्रीजला कॉम्प्रेसर नसतो. गॅसच्या ज्योतीवर किंवा विजेवर अमोनियाचं पाणी तापवून तो थंडावा तयार करतो. नळ्या आतून गंजू नयेत म्हणून त्यात क्रोमेट नावाचं रसायन घालतात. गळती झाली की तेच पिवळं बाहेर येतं. ते विषारी असतं. म्हणून सगळ्या खिडक्या उघडल्या आणि हातमोज्यांशिवाय मागे हात घातला नाही.

फ्रीज तर जाणारच होता. माझा जीव अडकला होता भोवतीच्या कपाटात. आरव्हीचं कपाट दिसतं भक्कम, पण आत पातळ प्लाय, वर लाकडाची नक्षी छापलेला कागद, आणि जोड बरेचसे स्टेपलच्या पिनांचे. तो कागद एकदा फाटला की पॉलिशनेही झाकला जात नाही.

आधी सिलिंडर बंद केला आणि शेगडी पेटवून नळीतला उरलेला गॅस जळू दिला. वीज तोडली, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. गॅसच्या जोडाला दोन पाने लावले, एकाने धरायचं, दुसऱ्याने नट सोडवायचा; एकाच पान्याने जोर केला तर तांब्याची नळी पिळवटते. मोकळ्या टोकाला पितळी बूच बसवलं, गॅस क्षणभर सुरू करून साबणाच्या पाण्याने गळती तपासली आणि पुन्हा बंद केला. 12 व्होल्टच्या तारांना चिकटपट्टी लावून नावं लिहिली.

मग समोरच्या पट्टीवरची प्लॅस्टिकची टोपणं काढून स्क्रू सोडवले आणि फ्रीज ओढला. तो सुताभर हलला आणि कपाटाची उभी पट्टी करकरली.

"अरे थांब, ओढू नकोस! कुठेतरी अडकलाय," बायको म्हणाली.

तिचं खरं होतं. मागच्या बाजूला, तळाशी, धुळीखाली आणखी दोन स्क्रू जमिनीत बसवलेले होते. अजून एक हिसका दिला असता तर ती पट्टी पिनांसकट उखडली असती. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी आधी मागे टॉर्च मारून हे स्क्रू शोधावेत, ओढणं सगळ्यात शेवटी.

ते काढूनही फ्रीज येईना, कारण पुढच्या कडेखालची फोमची पट्टी कपाटाला चिकटून बसली होती. कपाटाच्या कडांना रंगकामाची निळी पट्टी लावली, ब्लेडचं पातं फ्रीजकडे कलतं धरलं आणि चारही बाजूंनी फोम हळूहळू कापला. यातच तासभर गेला. प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या फटीत सरकवल्या आणि समोर फ्रीजच्या तळाच्या उंचीचं टेबल लावलं, म्हणजे 50 किलोंच्या वरचं ते वजन कपाटाच्या खालच्या पट्टीवर टेकायला नको.

आरव्हीचं दार 26 इंचांचं. फ्रीजची दारं उतरवल्यावर तो 24 इंच भरला. मापं आदल्या दिवशीच घेतली होती. दोघांनी तो उभाच बाहेर नेला. संध्याकाळी स्क्रूच्या सैल भोकांत लाकडाचा गोंद आणि टूथपिक भरल्या, आणि निळी पट्टी बोटभर बोटभर सोलत काढली. छापील कागद कुठेही उचलला गेला नव्हता.